टाळ धरू नका, दोरी धरा

आज एकाच क्रियापदाचा विचार करू. खणखणणे. शब्द साधा, रोजच्या बोलण्यातला. पण वारीच्या वाटेवर तो ऐकला की त्यात बरंच काही सापडतं.

धातूवर धातू आपटला की जो मोकळा नाद उठतो, त्यावरूनच हा शब्द झाला. टाळ खणखणतात, नाणी खणखणतात, रणात तलवारीही खणखणतात. मृदंग खणखणतो असं मात्र कुणी म्हणत नाही; तो घुमतो. पैंजण छुमछुमतात, बांगड्या किणकिणतात, ओढा खळखळतो. आपल्या मायबोलीनं ज्याला त्याला त्याचं क्रियापद दिलंय, बरं का!

याच शब्दाचा एक शेजारी आहे, खडखडणे. रिकामा डबा खडखडतो. घरात दाणा नसला की आपण म्हणतो, "घरात खडखडाट आहे." म्हणजे खडखडण्यात पोकळपणा आला. आणि खणखणण्यात? पूर्वी चांदीचा रुपया दगडावर वाजवून घेत. खरा असला तर खणखणायचा, खोटा असला तर बद्द वाजायचा. म्हणून आपण खऱ्या माणसाला खणखणीत नाणं म्हणतो. खरं-खोटं कळायला आघात सोसावा लागतो, हे लक्षात ठेवा.

आता हातातला टाळ बघा. काशाच्या दोन वाट्या आणि त्यांत ओवलेली दोरी. नवा माणूस दिंडीत येतो, उत्साहाच्या भरात वाटीच मुठीत आवळतो आणि जोरानं आपटतो. आवाज येतो 'खट'! शेजारचा जुना वारकरी हसून सांगतो, "माउली, टाळ धरू नका, दोरी धरा." दोरी धरली, वाटी मोकळी राहिली, की हलका आघातही खणखणतो. काशाचा दोष नव्हता. दोष मुठीचा होता.

संसारात भांड्याला भांडं लागतंच. सासू-सून असो, भाऊ-भाऊ असो, लागणारच. भांडी एकमेकांना लागू नयेत म्हणून काय घर वेगवेगळं करायचं? नाही. 'माझंच खरं' ही मूठ तेवढी सैल करायची. प्रेमाची दोरी हातात असली, की त्याच आघातातून नाद निघतो.

तुम्ही म्हणाल, महाराज, मग अन्याय झाला तरी गप्पच बसायचं का? तसंही नाही. ज्ञानोबा माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीला साऱ्या दिंड्या उभ्या राहतात. चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असते, ती टाळ खणखणवतच राहते. मग चोपदार तिथं जातात, म्हणणं ऐकतात, मार्ग काढतात. तेही टाळ शांत होतात.

बघा कशी रीत आहे! तक्रार दाबली नाही, पण तक्रारीसाठी वेगळं हत्यारही काढलं नाही. ज्या टाळानं देवाचं नाम घेतलं, त्याच टाळानं गाऱ्हाणं सांगितलं. आणि ऐकून घेणारा आला, की टाळ थांबला. आपल्या घरात आपण गाऱ्हाणं मांडतो खरं, पण कुणी ऐकायला आलं तरी वाजवणं काही सोडत नाही. आणि कधी कधी घरातला टाळ वाजत राहतो, पण चोपदार होऊन जवळ जायला कुणी उठत नाही. या दोन्ही चुका आपल्याच.

म्हणून आज घरी गेल्यावर, निजण्याआधी स्वतःला एवढंच विचारा. आज माझा शब्द खणखणला की नुसता खडखडला? मी टाळ धरला होता, की दोरी?

राम कृष्ण हरी.