फोन टेकवला, जेवण आलं! ‘टॅप’ची खरी परीक्षा कुठे होते?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप.

विषय आहे ‘टॅप’. फोन मशीनला टेकवला, ‘टिंग’ झालं, काम झालं. यामागचं तंत्र म्हणजे एनएफसी. १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारं हे रेडिओ संभाषण जेमतेम चार सेंटिमीटरमध्ये होतं. चिप चालते की नाही, हे लॅबमध्ये कळतं. पण साधा माणूस ती वापरेल का? ते कळायला फोन त्याच्या हातात द्यावा लागतो आणि त्याच्याच घरात, त्याच्याच रस्त्यावर बघावं लागतं.

माझं आवडतं उदाहरण फिनलंडमधल्या औलू शहराचं. तिथे घरपोच जेवण घेणाऱ्या काही ज्येष्ठांना एनएफसीचा फोन आणि मेन्यूचं कार्ड दिलं. हवं ते जेवण निवडायचं आणि कार्डावर त्या जागी फोन टेकवायचा. बस, ऑर्डर गेली! ना मेन्यू उघडायचा, ना बटणं शोधायची. माणसं मोजकीच होती, पण प्रयोग कित्येक आठवडे त्यांच्या स्वतःच्या घरात चालला. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले: शरीर किंवा स्मरणशक्ती साथ देत नसतानाही त्यांना ही पद्धत शिकता आली. आता विचार करा, इथे चुकलेला टॅप म्हणजे नुसता ‘एरर’ नाही, कुणाच्या तरी दुपारच्या जेवणाचा प्रश्न आहे. अशी परीक्षा ऑफिसातल्या पंचविशीच्या टेस्टरकडून होणारच नाही.

दुसरं उदाहरण लंडनचं. नोव्हेंबर २००७ मध्ये ओटू कंपनीने सुमारे ५०० लोकांना नोकिया ६१३१ फोन दिले. त्यातच ऑयस्टर म्हणजे लंडनचं प्रवास कार्ड, आणि छोट्या खरेदीसाठी बँकेचं कार्ड. प्रयोग चालला सहा महिने. हा काळ महत्त्वाचा आहे बरं का! पहिल्या आठवड्यात नव्याची नवलाई असते. खरी सवय नंतर कळते: गर्दीच्या वेळी, मागे रांग उभी असताना, माणूस फोन काढतो की जुनं कार्डच?

तरीही ही सेवा लगेच सगळ्या लंडनभर पोहोचली नाही. फोनवाले, नेटवर्कवाले, बँक, वाहतूक यंत्रणा, सगळ्यांचं एकत्र जमायला हवं होतं. तिथल्या बसमध्ये बँकेचं टॅप कार्ड २०१२ च्या शेवटी आलं, मेट्रोत २०१४ मध्ये. म्हणजे काय, तर प्रयोग सांगतो ‘लोकांना हे जमतं का, आवडतं का’. ‘धंदा जमेल का’ हा वेगळा प्रश्न.

तुमच्यापैकी बरेच जण ॲप बनवता, कॉलेजचे प्रोजेक्ट करता. मग मित्रांना दाखवून ‘टेस्टिंग झालं’ म्हणू नका. आजीला द्या, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला द्या. काही आठवडे राहू द्या. सूचना देऊ नका, गप्प बसून बघा: फोनची कुठली बाजू टेकवतात? ‘टिंग’ ऐकू आलं का? पैसे दोनदा गेले की काय, अशी भीती वाटते का? जिथे माणूस थबकतो, तिथे दोष त्याचा नाही, तुमच्या डिझाइनचा आहे.

तुमच्या घरात कोण टॅप करायला घाबरतं? आणि का? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!