पवनेच्या घाटापासून चापेकर चौकापर्यंत : चिंचवडगावाची पायी ओळख

पिंपरी-चिंचवडची आजची ओळख कारखान्यांनी घडवली आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, त्यामागोमाग वाहन उद्योग आला, १९७० मध्ये आसपासची गावे एकत्र करून नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. या वाढीत बहुतेक मूळ गावांच्या वेशी रस्त्यांत आणि वसाहतींत विरून गेल्या. चिंचवडगाव मात्र अजूनही पायी हिंडून समजून घेता येते, कारण एक नदी, एक समाधी आणि त्या समाधीचा कारभार पाहणारे एक घराणे यांच्या आधाराने त्याची रचना झालेली आहे. फ्रान्समधील शार्त्र हे गावही असेच घडले. ११९४ च्या आगीनंतर तेथे पुन्हा उभारलेले भव्य कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे पीठ असलेले मुख्य चर्च, उंचावर आहे आणि खाली अर नदीच्या काठी जुन्या कारागिरांची वस्ती आहे. चर्चकडून नदीकडे चालत गेल्यावर त्या गावाचा इतिहास क्रमाने उलगडतो. चिंचवडची फेरी याच्या उलट, नदीपासून सुरू करणे सोयीचे ठरते.

पवनेच्या घाटालगतच मोरया गोसावी यांची संजीवन समाधी आहे. साधकाने जिवंतपणी, स्वेच्छेने, ध्यानस्थ अवस्थेत घेतलेली समाधी ती संजीवन समाधी. मोरया गोसावी हे गाणपत्य संप्रदायाचे, म्हणजे गणपतीलाच परब्रह्म मानणाऱ्या उपासकांच्या परंपरेचे, महाराष्ट्रातील सर्वांत प्रभावी संत होत. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. चौदाव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत निरनिराळी मते मांडली गेली आहेत. मंदिराचा काळ मात्र तेथील शिलालेखाने पक्का केला आहे. मोरयांचे पुत्र मानले जाणारे चिंतामणी महाराज यांनी शके १५८० च्या कार्तिकात बांधकाम सुरू केले आणि ते पुढील वर्षी आषाढात पूर्ण झाले, म्हणजे ही वास्तू इसवी सन १६५८-५९ मधील आहे. चौकोनी सभामंडप आणि अष्टकोनी गाभारा असलेले हे मंदिर बुटके आणि साधे आहे. आवारात मोरयांच्या वंशातील पुरुषांच्याही समाध्या आहेत. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की पवनेचे पाणी या आवारात शिरते, आणि नदीच्या इतक्या निकट मंदिर बांधण्यात स्नान, पूजा व समाधी यांचा जो एकत्र विचार झाला होता, तो अशा वेळी विशेष जाणवतो.

घाटावरून गावात शिरल्यावर मंगलमूर्ती वाडा लागतो. मोरयांना मोरगावच्या कऱ्हा नदीत सापडली अशी श्रद्धा असलेली गणेशमूर्ती येथे पूजेत आहे. मोरयांच्या वंशजांना सात पिढ्यांपर्यंत गणपतीचा अंश मानले गेले, आणि त्यामुळे या घराण्याला ‘देव’ हे नाव मिळाले. छत्रपतींपासून पेशव्यांपर्यंतच्या राज्यकर्त्यांनी देवांना इनामे दिली. इनाम म्हणजे ज्या जमिनीचा किंवा गावाचा सरकारी महसूल पूर्णतः वा अंशतः धारकाला मिळतो असे दान. त्यामुळे हा वाडा उपासनेचे स्थान होता तसाच जमाखर्चाची कचेरीही होता, आणि त्याच्या दप्तरातील कागदांमुळे मराठा राज्यातील महसूल व धर्मसंस्था यांचे नाते अभ्यासता आले. लॉरेन्स प्रेस्टन यांनी याच घराण्यावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९८९ मध्ये केंब्रिजहून प्रसिद्ध झाला. त्याआधी जवळपास दोन शतके, १८०९ मध्ये, इंग्रज लेखिका मारिया ग्रॅहम चिंचवडला येऊन गेल्या होत्या आणि देवांच्या भेटीचे वर्णन त्यांनी आपल्या प्रवासवृत्तात केले.

चिंचवडचे क्षेत्रपण गावाच्या हद्दीत संपत नाही. वर्षातून दोनदा, भाद्रपदात आणि माघात, मंगलमूर्तींची पालखी येथून मोरगावला जाते. अष्टविनायकांपैकी मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक या तीन स्थानांचे व्यवस्थापन चिंचवड देवस्थानाकडे आहे. ‘मोरया’ हा गणपतीचा जयघोष याच संताच्या नावावरून रूढ झाला, अशी सर्वसामान्य समजूत आहे.

गावातच पुढे चापेकर वाडा आहे. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे चापेकर बंधू चिंचवडच्या कीर्तनकार घराण्यातले. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घरझडत्यांचा जुलूम झाला, तेव्हा या बंधूंच्या कटातून प्लेग अधिकारी रँड याच्यावर २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडण्यात आली. दामोदर यांना १८९८ मध्ये आणि इतर दोघांना १८९९ मध्ये येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या वाड्याचे आता स्मारक झाले आहे, आणि गावाबाहेर पडताना लागणाऱ्या चौकाला त्यांचेच नाव आहे. धर्मपरंपरेत वाढलेल्या घरातून सशस्त्र क्रांतीकडे गेलेली ही वाट समजण्यासाठी समाधी आणि हा वाडा एकाच फेरीत पाहणे आवश्यक आहे.

म्हणूनच चिंचवडगावाच्या जतनाचा विचार सुट्या वास्तूंपुरता मर्यादित राहू नये. मंदिराला रंग देऊन आणि वाड्यावर फलक लावून काम भागत नाही. घाट, समाधी, वाडे आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद गल्ल्या मिळून एक वास्तुसमूह होतो, आणि त्यातली एखादी गल्ली रुंदीकरणात गेली तरी उरलेल्यांचा परस्परसंबंध तुटतो. पादचाऱ्यांना निर्धास्त चालता येईल असा घाटापासून चौकापर्यंतचा मार्ग राखणे आणि त्यावर शिलालेखाच्या वाचनासह माहिती देणे, हे महानगरपालिकेच्या आवाक्यातले काम आहे. कामाच्या शोधात देशभरातून येथे आलेल्या लाखो कुटुंबांच्या मुलांना आपले शहर किती जुने आहे, हे त्या मार्गावरून चालताना कळेल.