गायरानावर सौरप्रकल्प येतोय? आधी हे पाहा

शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी, बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत रात्री दारं धरायला जावं लागू नये, यासाठी ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ आहे. 2017 मध्ये ती सुरू झाली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. गावाजवळच्या उपकेंद्राच्या (दाब उतरवून वीज गावोगावच्या तारांत सोडतात ती जागा) आसपास पॅनल बसतात आणि ती वीज कृषी वाहिनीत, म्हणजे पंपांसाठी वेगळ्या काढलेल्या लाइनीत जाते.

एका मेगावॉटला साधारण 4 ते 5 एकर जमीन लागते. खासगी जमिनीचा व्यवहार बराच सरळ आहे : हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडं, दरवर्षी 3 टक्के वाढ, मालकी शेतकऱ्याचीच. अडतं ते गायरानावर.

गायरानाच्या सातबाऱ्यावर सरकारचं नाव असतं. तिथं शेळ्या चारणारी एकटी बाई, पिढ्यान्‌पिढ्या तुकडा कसणारं भूमिहीन कुटुंब, ठरल्या हंगामात वाड्यासह उतरणारे मेंढपाळ यांचं नाव मात्र त्यावर सहसा नसतं. कागदावर मोकळी दिसणारी जमीन मोकळी नसते. म्हणून आपण आधी शिवारफेरी काढा. पायवाटा, पाणवठे, कसलेले तुकडे नकाशावर मांडा आणि ही माणसं नावानिशी लिहून घ्या.

मग महिला सभा, आणि त्यानंतर ग्रामसभा. गणपूर्तीला (सभा चालण्यापुरती हजेरी) 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतला कमी आकडा लागतो. सर्वांत जास्त घोळ इथंच होतो. जमीन देण्याचा ठराव सभेआधीच लिहिला जातो आणि सह्या घरोघर फिरून गोळा होतात. मजुरीला गेलेल्यांना पत्ताच नसतो. सभा त्यांना सोयीच्या वेळी ठेवा.

ठरावात गट नंबर, क्षेत्र, चराईला राखलेला भाग आणि गुरांची वाट स्पष्ट हवी. पॅनल धुण्याचं पाणी कुठून येणार, राखण आणि गवतकापणीचं काम कुणाला मिळणार, हेही लिहा. तोंडी आश्वासन पुढं कुणी मानत नाही.

ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, असं 3 वर्षं अनुदान मिळतं. वीजखरेदीचा करार मात्र 25 वर्षांचा असतो. चारा गमावणाऱ्यांचा पहिला हक्क या पैशावर आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

काम सुरू होण्याआधी ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) मागून घ्या.