जामीन झाला, सुटका बाकी

कच्च्या कैद्याशी बोलायला बसलं की कलम कुठलं, हे मी शेवटी विचारते. पहिला प्रश्न असतो, "बाहेर तुझं कोण आहे?" माणूस किती दिवस आत राहणार याचा अंदाज मला कलमापेक्षा या उत्तरावरून येतो.

मुंबईत बांधकामावर आलेला एक बिहारी पोरगा मोबाइलचोरीच्या आरोपात आत होता. पंधरा हजारांचा जामीन झाला, तरी आतच. जामीनदार स्थानिक हवा, त्याचं रेशनकार्ड हवं, पगाराची स्लिप नाहीतर ऐपतीचा दाखला हवा. मुकादम फोन उचलेना. भाऊ धावत आला, पण त्याची जमीन पडली गावाकडे.

१९७८ साली मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात हेच झालं होतं. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं. इतका स्वच्छ निकाल असताना कोर्टाच्या बाकावर आजही तेच ऐकायला मिळतं, याचा संताप येतो.

२०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार बंदी होते, त्यातला पाऊण हिस्सा कच्च्यांचा. माझ्या वहीत प्रत्येकाच्या दोन तारखा शेजारी शेजारी असतात, आदेशाची आणि गेटबाहेर पडल्याची. मधल्या दिवसांत कागद कुठे अडला, ते मी शोधते. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये सांगितलं. त्याच वर्षी गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आली, जामिनाला ४० हजारांपर्यंत मदत देणारी. पैशाची अडचण तिने भागते. ओळखीचा माणूस कुठून आणायचा?

या पोराच्या वकिलाने अर्ज करून अट बदलून घेतली, रोख जामिनावर तो संध्याकाळी बाहेर आला. हातात कपड्यांची पिशवी. मोबाइल आणि पाकीट अटकेच्या वेळीच जमा झालेलं, आधारकार्ड त्या पाकिटात. नंबर एकही पाठ नाही. त्याला तडक गावी जायचं होतं. पण गावी गेला की तारीख चुकते, अजामीनपात्र वॉरंट निघतं आणि दुसऱ्यांदा जामीन मिळणं जास्त कठीण. म्हणून गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर आधी भावाला फोन लावून दिला, मग पुढची तारीख आणि कोर्टाचा नंबर चिठ्ठीवर लिहून त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही साइटवर गेलो. मुकादमाने जागा भरली होती. शेजारचा कंत्राटदार घ्यायला तयार होता, त्याने आधार मागितलं. तिथून पोलीस ठाण्यात गेलो, पाकीट परत मिळवायला काय करावं लागेल ते विचारायला.