परसबागेचा हिशेब स्वयंपाकघरातून

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सातपूर हे एके काळी शेतीचे गाव होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्यानंतर येथील शिवारात कारखाने उभे राहिले. पुढे १९८२ साली नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली आणि गाव शहरात सामावले. आज सातपुरात नांगराखालची जमीन थोडी उरली आहे. तथापि ओळीने बांधलेल्या घरांच्या मागे दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब अशी मोकळी जागा अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. आसपासच्या खेड्यांत तर घरामागे अर्धा गुंठा जागा सहज निघते. अशा जागेत बहुधा एक तुळस, एखादी जास्वंद व नादुरुस्त सायकल एवढेच असते. या जागेचा उपयोग घरच्या भाजीसाठी कसा करता येईल, ते येथे पाहावयाचे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळून आले. याची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांपैकी एक कारण रोजच्या पंगतीत दिसते. बाजारातून आणलेली मेथीची जुडी पिशवीत भरगच्च दिसते, ती कढईत शिजून आळते आणि वाटीभर उरते. ती वाटी मुलांना व पुरुषमंडळींना वाढली जाते. मागाहून जेवावयास बसणाऱ्या गृहिणीच्या ताटात भाकरी, ठेचा आणि कढईला चिकटलेली चार पाने येतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढ माणसासाठी रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे सुचविली आहेत. पाच माणसांच्या घराला म्हणजे रोज दोन किलो भाजी हवी. दीडशे चौरस फूट जागेतून एवढी भाजी निघणार नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. मात्र आठवड्यातून तीन वेळा सर्वांना पुरेल, गृहिणीलाही पुरेल, एवढी पालेभाजी तेवढ्याच जागेतून निघू शकते. त्यासाठी पेरणीचा हिशेब शेताच्या रीतीने न करता स्वयंपाकाच्या रीतीने करावा लागतो.

आठवड्याला एक वाफा

प्रस्तुत लेखकाने आपल्या निवासस्थानामागे पहिली परसबाग केली तेव्हा शेतकी पदवीचा अभिमान ताजा होता. जमीन उत्तम तयार केली आणि नोव्हेंबरात एकाच दिवशी सर्व जागेत मेथी पेरली. चार आठवड्यांनी सगळी मेथी एकदम काढणीस आली. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मेथी झाली, शेजारी वाटून झाली, उरलेली फुलावर गेली. आणि पुढील दीड महिना भाजी पुन्हा बाजारातूनच आली. शेतात एकदम काढणी होणे सोयीचे असते, घरच्या बागेत तीच अडचण होते.

यास्तव जागेचे तीन फूट रुंद व चार फूट लांब असे सहा वाफे पाडावेत. मध्ये फूटभर वाट ठेवावी, म्हणजे काठावर बसून मधल्या रोपापर्यंत हात पोहोचतो व वाफा तुडवला जात नाही. प्रत्येक वाफ्यात दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. मग दर आठव्या दिवशी एकच वाफा पेरावा: आज मेथी, पुढील आठवड्यात पालक, नंतर कोथिंबीर, लाल माठ, शेपू, मुळा. मेथी चार आठवड्यांत, लाल माठही जवळपास तेवढ्याच दिवसांत, तर कोथिंबीर व मुळा साधारण सहा आठवड्यांत तयार होतो. पालक मुळासकट न उपटता वरून कापावा, म्हणजे पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा कापणी मिळते. एका पेरणीत तीन-चार कापण्या होतात. मेथीस एका वाफ्याला अर्धी मूठ बी पुरे होते. धने मात्र पेरण्यापूर्वी रगडून त्यांचे दोन भाग करावेत व रात्रभर भिजवावेत; अखंड धने उशिरा व विरळ उगवतात.

उरलेल्या पट्ट्यात वांग्याची चार, टोमॅटोची चार व मिरचीची पाच-सहा रोपे एका कुटुंबास पुरतात. कुंपणावर पावसाळ्याच्या आरंभी गिलके, दोडके व कारले यांचे प्रत्येकी दोन वेल सोडावेत. डांगराचा वेल फार पसरतो, त्यास छपरावर जागा असेल तरच लावावा.

ऋतूकडे लक्ष न दिल्यास श्रम वाया जातात. सातपूरकडे त्र्यंबकच्या बाजूने येणारा पाऊस जोराचा असतो. त्या दिवसांत सपाट वाफ्यातील मेथी व कोथिंबीर कुजून जाते. म्हणून पावसाळ्यात वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत आणि त्यांत अंबाडी, माठ व तांदुळजा घ्यावा. नाशिकची थंडी पालेभाज्यांस फार मानवते. उन्हाळ्यात भेंडी, गवार व चवळी घ्यावी. कोथिंबीर हवीच असेल तर वेलाच्या मांडवाखाली सावलीत पेरावी. उन्हात ती लवकर फुलावर जाते.

माती व पाणी कोणते?

हा मुद्दा सातपूरसारख्या ठिकाणी सर्वांत महत्त्वाचा आहे. नासर्डी (नंदिनी) नदीच्या पात्रातून किंवा कोणत्याही नाल्यातून पंपाने पाणी घेऊन पालेभाजी पिकवू नये, ते पाणी कितीही फुकट मिळाले तरी. सांडपाण्यातील जंतू पानांवर बसतात. ते धुऊन व शिजवून बऱ्याच अंशी नाहीसे होतील. परंतु कारखान्यांच्या पाण्यातून येणारे शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू मुळांवाटे पानांत शिरतात आणि धुण्याने निघत नाहीत. नवीन वसाहतीत कोठून तरी आणून टाकलेल्या भरावाच्या मातीबद्दलही हीच शंका धरावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवावे की मृद आरोग्यपत्रिकेतील बारा घटकांत शिसे व कॅडमियम येत नाहीत. पत्रिका चांगली आली म्हणजे माती निर्धोक ठरली, असे होत नाही. शंका असल्यास ओळखीच्या शेतातील माती आणून जुन्या टपांत, पिंपांत किंवा विटांच्या वाफ्यात भरावी व त्यात भाजी घ्यावी.

पाणी तसे फार लागत नाही. हिवाळ्यात एवढ्या बागेस रोज तीन-चार बादल्या पुरतात. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी वाफ्यांस द्यावे. न्हाणीचे साबणाचे पाणी पालेभाजीस न देता केळ व अळू यांच्याकडे वळवावे. आपल्या आजीबाईंनी मोरीच्या तोंडाशी अळू लावण्याची जी पद्धत ठेवली होती, ती पाणी वाया न घालविण्याचीच पद्धत होती.

फळझाडे आणि शेवगा

कोपऱ्यात एक शेवगा असावा. त्याची फांदी ठिसूळ असते व वाऱ्याने मोडते, म्हणून तो पत्र्याच्या छपराजवळ किंवा विजेच्या तारांखाली लावू नये आणि शेंगांचा बहार संपल्यावर दरवर्षी चार फुटांवर छाटावा. छाटलेल्या झाडास हाताशी येईल असा कोवळा पाला फुटतो. शेंगांच्या मोहात पाल्याकडे आपण दुर्लक्ष करतो; वास्तविक लोह, कॅल्शियम व अ जीवनसत्त्व देणारे द्रव्य यांनी तो समृद्ध असतो. पपईच्या खड्ड्यात तीन रोपे लावावीत व फुले आल्यावर नरझाडे काढून टाकावीत. लांब देठांवर लोंबणारे फुलांचे झुबके ही नराची खूण होय. कागदी लिंबाचे एक झाड असावेच. त्याचे कारण पुढे स्वयंपाकात येईल.

किडींसाठी विषारी औषधे घरच्या बागेत आणू नयेत. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून सायंकाळी फवारावी. वांग्याचा शेंडा मलूल दिसताच खुडून नष्ट करावा, त्यात अळी असते. भेंडीची पाने पिवळ्या शिरांची झाल्यास ते झाड ताबडतोब उपटावे.

चुलीवर काय करावे?

पिकविलेल्या भाजीतील निम्मे सत्त्व अनेक घरांत मोरीत जाते. भाजी चिरून मग धुतली जाते, भरपूर पाण्यात उकडली जाते आणि ते पाणी फेकून दिले जाते. क जीवनसत्त्व व इतर काही सत्त्वे पाण्यात विरघळणारी आहेत. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, झाकण ठेवून थोडक्यात शिजवावी. फोडणीस चमचाभर तेल असावे, कारण अ जीवनसत्त्व देणारे द्रव्य स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागते.

पालेभाजीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. लिंबातील क जीवनसत्त्वाने ते अधिक शोषले जाते. म्हणून भाजी उतरविल्यावर, चुलीवर असताना नव्हे, तिच्यावर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा घेतल्यास लोहाचे शोषण कमी होते, तेव्हा चहा तासाभराने घ्यावा. लोखंडी कढई माळ्यावर गेली असल्यास खाली काढावी. एवढे करूनही, ज्या भगिनींना आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या दिल्या असतील त्यांनी त्या बंद करू नयेत. भाजी ही गोळीची जागा घेत नाही.

शेवग्याच्या पाल्याची भाजी अशी करावी: दोन मोठे वाडगे कोवळा पाला देठांपासून सोडवून धुवावा. लोखंडी कढईत तेलावर जिरे, ठेचलेला लसूण व हिरवी मिरची टाकावी. भिजविलेली अर्धी वाटी मुगाची डाळ घालून वाफ आणावी, मग पाला घालावा. आठ-दहा मिनिटांत तो शिजतो. वरून शेंगदाण्याचे कूट व उतरविल्यावर लिंबू. बाजरीच्या भाकरीबरोबर ही भाजी उत्तम लागते आणि डाळीमुळे ती आळूनही सर्वांस पुरते. मुळ्याचा पाला फेकू नये. त्यात कोरडे बेसन पेरून झुणक्यासारखी भाजी होते. पालक ताकात बेसन कालवून पातळ करावा. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांमुळे घसा खवखवतो. म्हणून अळू पुरते शिजवून चिंच घालण्याची रीत योग्यच आहे. गिलक्याची भाजी मुलांना आवडत नसेल तर चकत्यांची भजी करून पाहावी.

भाजी शिजल्यावर गृहिणीने आपला वाटा प्रथम वाटीत काढून झाकून ठेवावा. ग्रामसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत हे सांगताना भगिनी हसतात, असा अनुभव आहे. तरीही सांगत राहावे.

बी घरचे

दरवर्षी बी विकत घेण्याचे कारण नाही. नाशिक जिल्ह्यास लागूनच असलेल्या अकोले तालुक्यातील (जिल्हा अहिल्यानगर) कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी, शाळेचे तोंड न पाहता, घेवडा, वाल व इतर भाज्यांचे गावरान वाण जमविले आणि बायफ संस्थेच्या साहाय्याने बियाण्यांची पेढी उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या परसात एवढा व्याप करावा लागणार नाही. संकरित बियाण्यापासून घरचे बी धरू नये. गावरान किंवा सरळ वाणाचेच धरावे. मेथीची चार व पालकाची चार जोमदार झाडे न कापता बियांवर सोडावीत. बी सावलीत वाळवून, राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. गिलक्याचे एक चांगले फळ वेलावरच राखावे. ते वाळून हलविल्यावर खुळखुळू लागले म्हणजे टोक तोडून बी झटकून घ्यावे. उरलेली जाळी न्हाणीत अंग घासण्यास उपयोगी पडते.