मखमली अँथुरियम ओळखायचंय? आधी देठ बघा!

गडद हिरवं, हृदयाकृती, मखमली पान आणि त्यावर चंदेरी शिरांचं जाळं. अशा झाडाला सर्रास ‘क्रिस्टलिनम’ म्हटलं जातं, पण यात तीन जातींची हमखास गल्लत होते.

🌿 क्रिस्टलिनम: पनामा-कोलंबियाच्या दमट जंगलातलं. पान पातळ, देठ गोल. कोवळं पान तांबूस उमलतं.

🌿 मॅग्निफिकम: हे कोलंबियाचं. देठ चिमटीत धरून फिरवा, चार कडा बोटांना लागतात. कडांना पंखासारखी पातळ पट्टीही असते.

🌿 क्लॅरिनर्व्हियम: मेक्सिकोतल्या चियापासच्या चुनखडीच्या खडकांवर वाढणारं. पान जाड, पुठ्ठ्यासारखं कडक. वनस्पतिशास्त्रज्ञ एइझी मातुदा यांनी १९५२ मध्ये याची नोंद केली.

देठ धड गोल नाही, धड चौकोनी नाही? मग बहुधा संकर. बाजारात असे भरपूर आहेत, म्हणून महाग रोप घेताना देठाचा जवळून काढलेला फोटो आवर्जून मागा.

तिघांनाही चिकट माती नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे, झाडाची साल आणि कोळसा घाला, मुळांना हवा मिळते. आणि हो, ही मंडळी अळूच्याच कुळातली. कापताना चीक लागला तर खाज सुटते, मुलं आणि मांजरांपासून लांबच ठेवा.