थंड मुलखात बियांपासून केळ



दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत ताळेबंद, उसाचा दर, तोडणी-वाहतूक हे नेहमीचे विषय आटोपले आणि चहाच्या वेळी एक वयस्कर सभासद आमच्याजवळ आले. हळूच म्हणाले, "साहेब, केळीला बी असतंय काय हो?" शेजारचे दोघेतिघे हसले. आम्हीही हसलो असतो, पण गृहस्थांचा चेहरा गंभीर होता. त्यांचा मुलगा इंग्लंडात लीड्स शहरी नोकरीला आहे. घरी पूजा घालायची तर केळीचं पान नाही, चौरंगाला बांधायला खांब नाहीत. म्हणून परसात शोभेची केळ लावावी असं सुनेच्या मनात आलं. बियांची पुडी आणली, कुंडीत पेरली, दोन महिने पाणी घातलं. काही उगवलं नाही, म्हणून कुंडी ओतून टाकली. आता दुसरी पुडी आणली होती आणि पोराने बापाला विचारलं होतं. पुडीची किंमत रुपयांत सांगितली तेव्हा हसणारे गप्प झाले.

आपण केळ लावतो ती मुनव्यांपासून किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासून. खाण्याच्या केळ्यात मधोमध जे काळे ठिपके दिसतात तेवढीच काय ती बियांची खूण. या जातींत बी धरतच नाही. पण रानटी केळींचं तसं नाही. त्यांच्या फळात गर थोडा आणि हरभऱ्याएवढ्या कठीण काळ्या बियाच फार. आसामात भीमकोल नावाची बियांची केळ आवडीने खातात, लहान मुलांना भरवतात. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात उगवणारी रानकेळ तर पुष्कळांनी पाहिलेली असेल. कुणी तिला कवदर म्हणतात, कुणी चवेणी. तिला मुनवे फुटत नाहीत. काही वर्षं वाढते, एकदाच फुलते, फळते आणि मरते. बी पडलं तर पुढची केळ, नाही तर वंश खुंटला. केळफुलाच्या भाजीसाठी हिचा कोका सरसकट तोडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. हे विषयांतर झालं खरं, पण लिहिल्यावाचून राहवलं नाही.

उसाचंही असंच आहे. आपण टिपरी लावतो, म्हणून तुऱ्यात बी असतं हे विसरून जातो. कोइमतूरला 1912 पासून ऊस पैदाशीचं काम चाललं आहे ते तुऱ्यातल्या बियांवरच. आपल्या शेतातला को 86032 हा को 62198 आणि कोसी 671 यांच्या संकरातून, म्हणजे बियांतूनच आला. टिपरीतून आईसारखंच लेकरू येतं. बियांतून आलेलं प्रत्येक रोप थोडं वेगळं निघतं. केळीच्या एकाच पुडीतून एक रोप लाल पट्ट्यांचं आणि दुसरं साधं हिरवं निघालं, तर व्यापाऱ्याने फसवलं असं लगेच समजू नये.

फसवणूक होते ती निराळी. निळ्याजांभळ्या फळांची चित्रं दाखवून रंगीत केळींच्या बिया विकणारे निघाले आहेत. त्यांच्या नादी लागू नये. बी विकत घेताना त्याचं शास्त्रीय नाव विचारावं. थंड मुलखासाठी तीन नावं ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. मुसा सिक्किमेन्सिस ही हिमालयाच्या पायथ्यापासून उंच डोंगरापर्यंत होणारी. बियांपासून करायच्या केळींत थंडीला ही बरीच चिवट, आणि हिला मुनवे येतात. मुसा वेलुटिना आपल्या ईशान्य भागातली, माणसाएवढ्या उंचीची. हिची गुलाबी लवदार फळं पिकली की साल आपोआप उकलते. ही कुंडीत छान, पण थंडीला नाजूक. तिसरी इथिओपियाची एन्सेट. पानं प्रचंड, दिसायला राजेशाही. तिथे तिच्या खोडाचा आणि कंदाचा गर आंबवून भाकरी करतात, कोट्यवधी लोकांचं ते अन्न आहे. 1853 साली मसावा बंदरातल्या ब्रिटिश वकिलाने तिच्या बिया लंडनच्या क्यू बागेत पाठवल्या, तर तिथल्या जाणकारांनाही त्या कशाच्या ते ओळखेना. रोपं वर आल्यावर उलगडा झाला की ही तर केळीची भाऊबंद!

आमच्या सभासदांच्या मुलाला पूजेसाठी खांबही हवे होते. एन्सेट तोडली की संपली, ती पुन्हा फुटायची नाही. म्हणून आम्ही पुडीवरचं नाव विचारून घेतलं. सिक्किमेन्सिस निघाली. बरं झालं.

आता पेरणी. बिया कोमट पाण्यात एक-दोन दिवस भिजवाव्यात, पाणी रोज बदलावं. नारळाचा भुसा आणि वाळू यांचं मिश्रण घ्यावं. मुठीत दाबलं तर पाणी गळू नये, पण हाताला ओल लागावी, इतपतच भिजवावं. बी अर्धा-पाऊण इंच खोल टोकावं आणि डबा झाकून ठेवावा. इथवर पोराने सगळं बरोबर केलं होतं. चुकलं ते पुढे. घरात बारा महिने वीस अंश ऊब असते, म्हणून तो निर्धास्त राहिला. केळीच्या बीला नुसती ऊब पुरत नाही, तिला चढउतार लागतो. दिवसा तीस ते पस्तीस अंश आणि रात्री वीसच्या आसपास, असं रोज व्हावं लागतं. मोकळ्या रानातल्या जमिनीत उन्हाने ते आपसूक होतं. थंड मुलखात रोपांसाठी विजेची ऊबदार चटई मिळते. ती दिवसा चालू करायची, रात्री बंद. चटई नसेल तर पाण्याच्या बंबाशेजारच्या कपाटात डबा दिवसा ठेवावा आणि रात्री बाहेर काढावा.

आणि धीर धरावा. काही बिया तीन आठवड्यांत उगवतात, काही सहा महिने, त्याहूनही जास्त घेतात. एकाच डब्यातल्या बिया एकदम येत नाहीत. कोंब दिसला की ते रोप अलगद उचलून कुंडीत लावावं आणि डबा पुन्हा झाकून ठेवावा. दोन महिन्यांत ओतून टाकलेल्या त्या पहिल्या कुंडीतल्या बिया कदाचित जिवंत असतील. पोराला हे कळवताना आम्हालाच वाईट वाटलं.

रोप लागलं की केळ ती केळच. खत भरपूर, पाणी भरपूर. इंग्लंडात मे अखेरपर्यंत हिमाची भीती असते, तोवर बाहेर काढू नये. काढतानाही आठ-दहा दिवस थोडं थोडं बाहेर ठेवून सवय करावी. वाऱ्याच्या आडोशाला लावावं, नाही तर पानांच्या चिंध्या होतात. पहिला हिवाळा रोप घरातच असू द्यावं. एन्सेट असेल तर दर हिवाळ्यापूर्वी उपटून, पानं छाटून, कोरडीच घरात ठेवावी लागते. सिक्किमेन्सिस दुसऱ्या वर्षी जमिनीत राहू शकते. मात्र खोडाभोवती तारेची जाळी उभी करून आत पेंढा ठासायचा, वरून पाणी जाणार नाही असं झाकायचं आणि बुडाशी जाड आच्छादन घालायचं. वरचं खोड गारठून गेलं तरी कंद वाचला तर उन्हाळ्यात पुन्हा फूट येते. पाचटाचं आच्छादन करणाऱ्या आपल्या सभासदांना हे वेगळं सांगायला नको.

इथून मुनवे पाठवावेत असंही सभासदांच्या मनात होतं. आम्ही नको म्हटलं. पर्णगुच्छासारखे रोग मुनव्यांबरोबरच गावोगाव जातात. परदेशाचे नियमही कडक असतात.

दुसऱ्या पुडीत दहा बिया होत्या. फेब्रुवारीत पेरल्या. एप्रिल कोरडा गेला, तेव्हा सुनेने डबा टाकायला काढला होता. सभासदांनी फोन करून थांबवलं. मे महिन्यात एक कोंब आला, जुलैत आणखी दोन. त्यातलं एक कुजलं, एक मांजराने पाडलं. उरलेलं एक जिन्याखालच्या खोलीत दिव्याजवळ हिवाळा काढून या जूनमध्ये जमिनीत गेलं. गणपतीला त्याचं एक पान कापलं, फोटो आम्हाला दाखवला. खांबासाठी अजून मुनवे यायचे आहेत.

परवा सभासद शेतकी ऑफिसात आले होते. थंडी जवळ आली, पेंढा ठासायचा आहे. म्हणाले, "साहेब, आपलं पाचट पाठवू काय?" आम्ही म्हटलं, तिकडे गव्हाचा पेंढा मिळतो की. तर म्हणाले, "मिळत असंल, पण पाचट ते पाचट."